सुरतेच्या मांडवीवर एक दिवस

बंदराचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखकाची दृष्टि प्रथम गलबतांकडे जाते. कोणत्या सालीं कोणाची वखार झाली, कोणाच्या आरमारानें कोणाचा पराभव केला, शहर कितीदां लुटलें गेलें व लुटींत काय गेलें, या गोष्टींनीं पानें भरतात. त्या गोष्टी महत्त्वाच्या नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्याच्या पाठीशीं कंपनी नाहीं, ज्याच्याजवळ विकावयास माल नाहीं, असा एकटा मनुष्य त्या बंदरांत उतरला तर त्याचा पहिला दिवस कसा जाई, ही चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. वखारीच्या दप्तरांत शहराचा हिशेब मिळतो. शहर परक्याशीं कसें वागे हें पाहावयाचें असेल तर अशा एकट्या उतारूच्या मागोमाग त्याच्या दरवाजांतून आंत गेलें पाहिजे.

ही चौकशी खानदेशांतील वाचकांस दूरची वाटूं नये. जळगांवच्या शेजारचें असोदा हें गांव उदाहरणादाखल घ्या. तेथून समुद्र दीड-दोनशें मैल दूर. परंतु त्याच्या शिवारांत पडलेलें पावसाचें पाणी अखेर तापीस मिळतें, आणि तापी सुरतेजवळ समुद्रास मिळते. कोंकणास जशीं चौल आणि दाभोळ, तशी खानदेशास सुरत. सह्याद्रीचे घाट उतरून कोंकणांत जाण्यापेक्षां तापीच्या खोऱ्यानें पश्चिमेस जाणें या मुलखास सोयीचें होतें, आणि मुंबईचा उदय होण्यापूर्वीं खानदेशचें कापड परदेशीं गेलें तें मुख्यतः याच दारानें. तेव्हां सुरतेच्या दारांत एका परक्याचें काय झालें हें पाहणें म्हणजे एका परीनें आपल्याच घराचा पुढचा दरवाजा पाहणें होय.

ज्याच्या मागून आम्हांस जावयाचें आहे तो उतारू म्हणजे झां द थेव्हेनो नांवाचा फ्रेंच गृहस्थ. त्याचा जन्म १६३३ सालीं पॅरिस येथें झाला. तो व्यापारी नव्हता, कोणाचा वकील नव्हता, पाद्रीही नव्हता. घरची स्थिति बरी असल्यामुळें केवळ देश पाहण्याच्या हौसेनें तो बाहेर पडला होता. हिंदुस्थानांत येण्यापूर्वीं त्यानें तुर्कस्थान व मिसर हे देश पाहिले होते आणि पूर्वेकडील भाषांचा अभ्यास केला होता. ता. ६ नोव्हेंबर १६६५ रोजीं ‘होपवेल’ नांवाच्या जहाजानें तो बसऱ्याहून निघाला व दोन महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून ता. १० जानेवारी १६६६ रोजीं सुरतेच्या बाऱ्याशीं पोंचला. त्या वेळीं त्याचें वय ३२ वर्षांचें होतें. पुढें वर्षभर त्यानें हिंदुस्थानांत प्रवास केला, आणि परत जातांना २८ नोव्हेंबर १६६७ रोजीं इराणांत मियाना येथें त्याचा अंत झाला. हिंदुस्थानाविषयींचा त्याचा ग्रंथभाग त्याच्या मरणानंतर १६८४ सालीं प्रसिद्ध झाला. १९४९ सालीं डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनीं त्याची इंग्रजी भाषांतराची आवृत्ति टीपांसह दिल्लीहून काढली, त्यामुळें आपल्या अभ्यासकांस तो सुलभ झाला आहे.

सुरत समुद्रकांठचें शहर म्हणून प्रसिद्ध असलें तरी तें समुद्रावर नाहीं. तें नदीवर आहे. तापीच्या मुखाशीं वाळूचे बांध असल्यामुळें मोठीं जहाजें भरलेल्या स्थितींत शहरापर्यंत येऊं शकत नसत. तीं बाहेरच, सुंवाळीच्या बाजूस किंवा बाऱ्याशीं, नांगर टाकून राहत. जहाज थांबलें कीं कप्तानास होडींतून किनाऱ्यावर जाऊन वर्दी द्यावी लागे, आणि तेथें प्रथम त्याचीच डोक्यापासून पायांपर्यंत झडती होई. इकडे जहाजावर सरकारी पहारेकरी चढे. हेतु हा कीं, एकही गांठोडें चोरून उतरूं नये. उतारूंना पडावांत घालून नदीनें वर आणीत. माणशीं अर्धा रुपया भाडें पडे. पहारेकऱ्यांचा हक्क त्याहून निराळा.

आतां खरी अडचण पुढेंच होती. बाऱ्यापासून शहरापर्यंत यावयास भरतीची एक अख्खी वेळ लागे, आणि जकातीची मांडवी उघडी असे ती सकाळीं १० पासून दोन प्रहरपर्यंत. म्हणजे जवळजवळ प्रत्येक उतारूस मांडवी बंद झाल्यावरच शहर गांठतां येई. अशा वेळीं जमिनीवर पाय ठेवण्याची मनाई असे. उरलेला दिवस आणि सगळी रात्र पडावांतच, शहराच्या समोर, पहाऱ्यांत काढावयाची. दोन महिने समुद्रावर घालविलेल्या मनुष्यास समोर दिवे दिसत आहेत आणि दहा पावलांवर उतरतां येत नाहीं, या स्थितीची कल्पना वाचकांनींच करावी.

सकाळीं मांडवी उघडली कीं एका वेळीं एकच पडाव पुढें घेत. धक्क्यावर एक छत्री होती. तींत बसलेले पहारेकरी पडावांतून काय निघतें तें पाहत. हमाल पाण्यांत शिरून माणसांना आणि सामानाला पाठीवर घेऊन कांठावर आणीत. कांठावर लांब वेत घेतलेले प्यादे दोहों बाजूंस रांगा करून उभे राहत व मधून वाट ठेवीत. बाहेरच्या मनुष्यानें उतारूच्या जवळ जावयाचें नाहीं. गेला तर वेताचे फटके, आणि उतारूवर चोरून माल पार केल्याचा आरोप. या आरोपावरून कांहीं लोकांस दहा हजार फ्रेंच लिव्हरांहून अधिक दंड झाल्याचें थेव्हेनोनें लिहिलें आहे, आणि त्यांनीं खरोखर कांहींच चोरलें नव्हतें असेंही तो म्हणतो. त्यामुळें प्याद्यांची ती रांग नव्या माणसास एका अर्थीं उपकारकच वाटे.

मग चौकांतून दिवाणखान्यांत. तेथें मुख्य जकातदार गादीवर बसलेला व त्याच्या खालीं कारकून. उतारूंनीं एकेकट्यानेंच आंत जावयाचें. आंत पाऊल टाकतांच नांव वहींत उतरलें जाई व झडती सुरू होई. टोपी अगर पागोटें, कमरबंद, जोडे, मोजे, आणि तपासनिसाच्या मनांत आलें तर बाकीचेही कपडे काढावे लागत. कापडाचा इंचन् इंच चाचपून पाहत. कोठें कांहीं कठीण लागलें कीं तेवढी शिवण उसवीत. एका माणसास पाव तासाहून अधिक वेळ लागे. अंगावर सोनें-रुपें सांपडलें तर त्यावर शेंकडा अडीच कापून घेऊन बाकीचें परत करीत. थेव्हेनोजवळ अंगावरच्या कपड्यांशिवाय कांहीं नव्हतें, आणि असें होणार हें त्यास आधींच ठाऊक होतें. तरीही तें सोसतांना त्याचा धीर सुटावयास आला. झडती संपली कीं दिंडीदरवाजानें रस्त्यावर सोडून देत. पण सामान मागेंच राही. दुसऱ्या दिवशीं १० वाजतां जकातदार येऊन कुलपांवरची आपली मोहर जशीच्या तशी आहे कीं नाहीं हें पाही, आणि मग एकेकास आंत बोलावून पेट्या उघडल्या जात. मालावर ख्रिस्त्यांस शेंकडा चार व वाण्यांस शेंकडा पांच जकात पडे.

या सर्व प्रकाराकडे केवळ परक्याचा छळ म्हणून पाहिलें तर त्यांतलें मर्म हातीं लागत नाहीं. मोगलांचें राज्य जमिनीच्या साऱ्यावर उभें होतें हें खरें. पण सुरतेचें उत्पन्न रोख होतें आणि तें एका दरवाजांतून येत होतें. शहाजहानाच्या काळीं या बंदराचें उत्पन्न त्याची कन्या जहानआरा बेगम हिच्याकडे लावून दिलेलें होतें, यावरून त्याची किंमत कळून येते. ज्या राज्याजवळ समुद्रावर हुकूम चालविण्यासारखें आरमार नव्हतें, त्यास समुद्रावरील व्यापारावर आपला हात ठेवण्याची हीच एक जागा होती. म्हणून सारा कडकपणा त्या एका दारांत एकवटला होता. आणि तरीही तो पुरा पडत नव्हता. डच वखारीच्या मुख्याशीं स्नेह असल्यामुळें कित्येकांनीं मौल्यवान हिरे-माणकें एक पैही न देतां शहरांत आणलेलीं आपणांस ठाऊक आहेत, असें थेव्हेनो सांगतो. एकट्या माणसाच्या जोड्यांची शिवण उसवली जात होती, आणि ज्यांच्या पाठीशीं कंपनी होती त्यांचीं रत्नें दारांतून न जातांच घरीं पोंचत होतीं. बंदराच्या कायद्याचें खरें स्वरूप या एका गोष्टींत जितकें दिसतें तितकें फर्मानांच्या संग्रहांत दिसत नाहीं.

दिंडीबाहेर पडल्यावर शहर कसें दिसलें? रस्ते रुंद व सपाट, पण फरसबंदी नाहीं. शहराच्या आंत डोळ्यांत भरण्यासारखी सार्वजनिक इमारत नाहीं, असें त्याचें मत पडलें. श्रीमंतांचीं घरें विटांचीं व चुन्याचीं. त्या भागांत दगड नसल्यामुळें तीं बांधावयास फार खर्च येई, आणि इमारती लांकूड दमणेहून समुद्रमार्गें आणीत. येथें एक बारीकशी गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. लांकूड त्या देशांतही होतें, पण तें जमिनीवरून दूरून ओढून आणावें लागे, म्हणून समुद्रानें आणलेल्या लांकडापेक्षां तें महाग पडे. गरिबांचीं घरें बांबूचीं व कुडाचीं. नदीच्या कांठीं, शहराच्या दक्षिण टोंकास, चार बुरुजांचा किल्ला होता. सोळाव्या शतकाच्या मध्यास, गुजरातच्या सुलतानांच्या अमदानींत, खुदावंदखानानें बांधलेला तोच हा किल्ला. शहरांत हिंदु, मुसलमान व पारशी हे कायमचे रहिवासी. त्यांत इराणी, अरब, तुर्क, आर्मेनियन आणि फिरंगी यांची भर. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत गलबतांचा हंगाम असे, आणि त्या दिवसांत शहरच काय पण त्याचे तिन्ही पुरे माणसांनीं इतके भरून जात कीं, उतरावयास जागा मिळण्याची मारामार पडे. थेव्हेनो नेमका त्याच हंगामांत आला होता.

त्यास आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मराठी वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. शहराचा जुना कोट मातीचा असून जवळजवळ पडलेला होता, आणि नवा विटांचा कोट नुकता उठत होता. याचें कारण उघड होतें. दोन वर्षांपूर्वीं, जानेवारी १६६४ मध्यें, शिवाजी महाराजांनीं सुरतेवर स्वारी केली होती. सुभेदार इनायतखान किल्ल्यांत जाऊन बसला होता आणि वीरजी व्होरा व हाजी जाहिद बेग यांच्यासारख्या नामांकित सावकारांचीं घरें लुटलीं गेलीं होतीं. थेव्हेनो उतरला तेव्हां पुरंदरच्या तहास सात महिनेही झाले नव्हते. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत महाराज आग्र्याच्या दरबारांत उभे राहिले. म्हणजे हा उतारू दोन वादळांच्या मधल्या शांततेंत शहर पाहत होता. नवा कोट किल्ल्याच्या फार जवळून नेला आहे, त्यामुळें शहरांतून किल्ल्यावर बंदुकीचा मारा सहज करतां येईल, ही चूकही त्याच्या नजरेतून सुटली नाहीं. नव्या कोटामुळें पुष्कळशीं गरिबांचीं कुडाचीं घरें बाहेर पडलीं, व त्यांचे मालक भरपाई मागत होते, हेंही त्यानें नमूद केलें आहे. हा कोट शहरास वांचवूं शकला नाहीं. ऑक्टोबर १६७० मध्यें सुरत पुन्हां लुटली गेली.

येथें अशा प्रवाशांच्या लेखनावर कितपत विसंबावें हा प्रश्न उपस्थित होतो. स्वारीपूर्वीं शिवाजी महाराज स्वतः फकिराच्या वेषानें सुरतेंत हिंडून गेले, अशी कथा थेव्हेनोनें दिली आहे. ही त्यानें पाहिलेली गोष्ट नव्हे. बाजारांत ऐकलेली आहे. घाबरलेल्या शहरांत दोन वर्षांनींही कोणत्या कथा चालत होत्या याचा पुरावा म्हणून ती मोलाची आहे, महाराजांच्या चरित्राचा पुरावा म्हणून नाहीं. उलट मांडवीची वेळ, झडतीची रीत, कोटाच्या विटा, बाहेर टाकलेलीं घरें, या गोष्टी त्याच्या डोळ्यांपुढच्या होत्या आणि त्या खोट्या सांगण्यांत त्याचा कांहीं लाभ नव्हता. आमच्याकडे या प्रवाशांना एक तर वेदवाक्य मानतात, नाहीं तर परके म्हणून झिडकारतात. खरें पाहतां त्यांच्या प्रत्येक वाक्यास ‘हें तूं पाहिलेंस कीं ऐकलेंस?’ एवढा एक प्रश्न विचारला तर दोन्ही टोंकें टळतात.

परंतु या डोळस उतारूनेंही पहिल्या दिवशीं शहराचें एकच दार पाहिलें. सुरतेस दुसरें दार होतें आणि तें पूर्वेकडे, जमिनीच्या बाजूस होतें. त्या दारानें निघालेली वाट बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडें, रावेर अशी तापीच्या खोऱ्यांतून बऱ्हाणपुरास जाई आणि तेथून पुढें आग्र्यास. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ सालीं याच बऱ्हाणपुरावरून बादशहाच्या भेटीस गेला. टॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें या वाटेचे मुक्काम व कोस मांडून ठेवले आहेत. नवापूरच्या तांदळाविषयीं तो लिहितो कीं, त्याचा दाणा साध्या तांदळाच्या निम्मा, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा, आणि वास कस्तुरीचा. इराणांत कोणास नजराणा द्यावयाचा तर या तांदळाची गोणी नेत. बऱ्हाणपुरास विणलेलें झिरझिरीत कापड इराण, तुर्कस्थान, रशिया, पोलंड, अरबस्थान व कैरो येथपर्यंत जाई, असें तोच सांगतो. तापीचें पात्र मालाच्या नावांना सलग उपयोगी नव्हतें, म्हणून हा सर्व माल बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून उतरे. थेव्हेनोनेंही आपल्या ग्रंथांत खानदेशास निराळी जागा देऊन मोगलांच्या श्रीमंत सुभ्यांत त्याची गणना केली आहे.

म्हणजे बाऱ्याशीं उभीं असलेलीं तीं गलबतें ज्या मालासाठीं दोन-दोन महिने समुद्र तुडवून येत, त्याचा एक मोठा भाग आपल्या खोऱ्यांतला होता. असें असतां मांडवीच्या वहींत कोणाचें नांव लिहिलें गेलें? समुद्राकडून आलेल्या प्रत्येकाचें. एकट्या, रिकाम्या हातानें आलेल्या फ्रेंच प्रवाशाचेंही. ज्यानें कापूस पेरला, जिनें तो वेंचला, जिनें सूत काढलें, ज्यानें ठाणें विणलीं, त्यांपैकीं कोणाचें नांव त्या दाराशीं आलें नाहीं. त्यांच्या कष्टाचें ठाणें गलबतावर चढलें तें वाण्याच्या नांवानें, आणि उतरलें तें कंपनीच्या नांवानें.

त्यांची नोंद झाली ती केव्हां? दुष्काळांत. नोव्हेंबर १६३० मध्यें पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा नोकर सुरतेहून बऱ्हाणपुराच्या वाटेनें निघाला. गुजरात व दक्षिण यांवर त्या वेळीं महाभयंकर दुष्काळ पडला होता. वाटेच्या दोहों बाजूंस प्रेतें पडलेलीं आणि जिवंत माणसें उकिरड्यांतून दाणे वेंचतांना त्यानें पाहिलीं. त्याच वेळीं शहाजहान आपल्या फौजेसह बऱ्हाणपुरास तळ देऊन होता, आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांतलें धान्य त्या छावणीकडे जात होतें. धान्य जात असलेल्या वाटेवरच माणसें अन्नावांचून मरत होतीं. खानदेशचा शेतकरी परदेशी लेखकाच्या वहींत आला तो असा, मेल्यावर, आणि तोही नांवाशिवाय. सुरतेच्या वैभवाचें वर्णन वाचतांना हें दुसरें पान उघडें ठेवावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. १६६८ सालीं मुंबई बेट इंग्रज कंपनीस मिळालें. १६८७ सालीं कंपनीचें मुख्य ठाणें सुरतेहून तेथें गेलें, आणि हळूहळू समुद्राचा व्यापारही त्याच्या मागें गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आगगाडी खानदेशांत आली, अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा भाव चढला, आणि जळगांव कापसाची मोठी पेठ बनलें. पण गांठी आतां मुंबईकडे जाऊं लागल्या. १९०० च्या सुमारास तापीच्या खोऱ्यांतून सुरत-अमळनेर-जळगांव अशी लोहमार्गाची वाट झाली, तेव्हां जुन्या बैलवाटेशीं पुन्हां एकदां नातें जुळलें. तोंवर सुरतेचें बंदर मात्र नांवापुरतें उरलें होतें.

याच असोद्यांत १८८० सालीं एक मुलगी जन्मली. तिला अक्षरओळख नव्हती. लग्न होऊन ती जळगांवीं आली, शेतांत राबली, जात्यावर बसली, आणि राबतां राबतां आपल्या लेवा गणबोलींत ओव्या रचीत गेली. तिचे पुत्र कवि सोपानदेव यांनीं व एका आप्तानें त्या कागदावर उतरून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजीं ती वारली, आणि १९५२ सालीं आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तिचें पुस्तक निघालें, तेव्हां बहिणाबाई चौधरी हें नांव महाराष्ट्रास कळलें. पेरणी, कापणी, मोट, जातें, सासर-माहेर यांविषयीं त्या काळ्या मातीतून काय बोललें जात होतें हें त्या दिवसापर्यंत कोणत्याही दप्तरांत नव्हतें. घरांत लिहिणारें कोणी नसतें, तर तें तिच्याबरोबरच गेलें असतें.

थेव्हेनोच्या पूर्वीं आणि नंतर, तापीच्या खोऱ्यांत शेंकडों वर्षें अशीं किती माणसें बोलून गेलीं असतील याची गणना नाहीं. त्यांचें बोलणें गेलें म्हणून त्यांचा इतिहासच नाहीं असें मात्र होत नाहीं. परक्यांनीं लिहिलेल्या ग्रंथांत तो वाट, भाव, कापडाचें ठाणें, तांदळाचा दाणा अशा रूपांत जागोजाग विखुरलेला आहे. तो निवडून काढण्याचें काम ज्यांचें तें खोरें आहे त्यांचें आहे. खानदेशांतील गांवोगांवच्या शाळांतून सुरतेच्या लुटीचें सन मुलांकडून पाठ करून घेतलें जातें. त्याबरोबर आपल्या गांवचें पाणी कोणत्या नदीनें कोठें जातें, आणि त्या नदीच्या मुखाशीं एके काळीं कोणत्या देशाचीं माणसें आपल्या मालासाठीं रात्रभर पडावांत ताटकळत बसत, हेंही त्यांस सांगितलें गेलें, तर समुद्र त्यांना इतका परका राहणार नाहीं.